चांदण्या कुणाच्या?

प्रज्ञा गजभियेला गुडगावच्या एका नव्या कंपनीत नोकरी लागली ती १९९८ सालच्या हिवाळ्यात. काम समुद्रातल्या स्पंजांचं. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता तिच्या आईनं, प्रभावतीनं, विचारलंच.

"दिल्लीला समुद्र नाही. गुडगावला तर बिल्कुलच नाही. मग हे स्पंज तिथं येतात कुठून?"

"मालवणहून. बाटल्यांत घालून, स्पिरिटमध्ये बुडवून."

"म्हणजे मेलेले."

"हो."

"मग त्यांची राखण करायला एम. एस्सी. झालेली मुलगी कशाला लागते?"

प्रज्ञा हसली. खरं तर तिलाही नीट सांगता आलं नसतं. गजभिये कुटुंब मूळचं भंडाऱ्याकडचं. वडील वाल्मीक गजभिये केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आणि आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर हेच प्रज्ञाचं बालपणापासूनचं घर. प्राणिशास्त्रात तिनं दिल्लीतच एम. एस्सी. केलं होतं. समुद्र तिनं अजून पाहिला नव्हता.

रोज सकाळी ती सेक्टरच्या कोपऱ्यावरून चार्टर्ड बस पकडायची. महिपालपूर, विमानतळ मागे पडलं की मोहरीची शेतं लागत, आणि शेतांच्या मधोमध कुठंतरी एखादी काचेची इमारत. आजूबाजूला रस्ता नाही, गटार नाही, पण इमारतीला निळी काच. कंपनी अशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. वीज दिवसातून अनेकदा जायची, मग खाली जनरेटर धडधडायला लागायचा आणि सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र बारीक थरथरायचं.

कंपनी सुरू केली होती डॉ. हितेश मेहता यांनी. अमेरिकेत बारा-पंधरा वर्षं काढून ते परतले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. स्पंज हा प्राणी आहे, पण त्याला पाय नाहीत, दात नाहीत, कवच नाही. खडकाला चिकटून जन्म काढतो. तरी त्याला फारसं कुणी खात नाही आणि त्याच्यावर बुरशी चढत नाही. म्हणजे त्याच्या अंगात काहीतरी रसायन असलंच पाहिजे. ते शोधायचं आणि त्याचं औषध करायचं. आता बाहेरच्या कंपन्यांना भारताची दारं उघडी आहेत, आपणही त्यांच्या दारात जाऊ, असं ते म्हणायचे.

रसायन काढायचं काम नीलम त्यागीकडे होतं. नीलम गाझियाबादची, प्रज्ञापेक्षा थोडी मोठी, बोलायला फटकळ आणि हातानं अतिशय स्वच्छ. तिच्या टेबलावर काचेची एक नळीसुद्धा तिरकी पडलेली दिसायची नाही. दोघी डबा एकत्र खायच्या. प्रज्ञाकडे बाटल्यांचं काम. बाटली आली की लेबल लावायचं, फोटो काढायचा आणि एक तुकडा नीलमकडे द्यायचा.

मालवणहून येणाऱ्या मालात एक नारिंगी स्पंज होता. मुठीएवढा, वेडावाकडा, वर दोन-तीन मोठी भोकं. नारिंगी म्हणायचं ते पाठवणाऱ्याच्या चिठ्ठीवरून, कारण स्पिरिटमध्ये त्याचा रंग उतरून तो चहात भिजलेल्या पावासारखा दिसायचा. पण त्या पावानं कमाल केली. नीलमनं त्याचा अर्क काढला, बुरशी वाढवलेल्या काचेच्या ताटलीत त्याचा थेंब टाकला, आणि दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल उमटला होता. त्या गोलात बुरशीचा मागमूस नव्हता. पुन्हा केलं, पुन्हा तोच गोल. हितेश सरांनी सगळ्यांना जिलेबी खिलवली.

मग दुसरी खेप आली. तोच नारिंगी स्पंज, तोच किनारा, तशीच भोकं. नीलमनं तसाच अर्क काढला. बुरशी थेंबावरून सरळ चालत गेली.

तिनं पुन्हा करून पाहिलं. बुरशी पुन्हा चालत गेली.

मीटिंगमध्ये हितेश सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "नीलम, पहिल्यांदा जे केलं होतंस, तेच केलंस ना? कुछ बदला तो नहीं?"

"नहीं सर."

"मग स्पंज बदलला का?"

खोलीत कुणीतरी हसलं. नीलमचे कान लाल झाले. प्रज्ञाला त्या हसण्याचा राग आला, पण त्याच वेळी तो प्रश्न तिच्या डोक्यात अडकला. सरांनी टोमणा म्हणून विचारलं होतं. पण खरंच बदलला असेल तर?

कॉलेजात एका जाड पुस्तकातून ती स्पंजांबद्दल दोन तास शिकली होती. त्यातली एक गोष्ट तिच्या लक्षात राहिली होती. वरून सारख्या दिसणाऱ्या स्पंजांना बाहेरून ओळखता येत नाही, आतून ओळखावं लागतं. त्यांच्या मांसात काचेच्या बारीक सुया असतात, स्पंज त्या स्वतःच घडवतो, आणि कुठल्या जातीत कसल्या सुया, ते बहुधा ठरलेलं असतं.

तिनं दोन्ही खेपांमधून हरभऱ्याएवढे तुकडे कापले, दोन नळ्यांत घातले आणि वर ब्लीच ओतलं. फसफसून फेस आला, मांस विरघळलं, आणि सकाळपर्यंत प्रत्येक नळीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड बसली होती. ती पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवून तिनं काचपट्टीवर थेंब घेतला आणि डोळा लावला.

सुया होत्या. हजारो, एकमेकींवर पडलेल्या, शिंप्याच्या डबीतल्या टाचण्यांसारख्या. एका टोकाला गोल डोकं, दुसरं टोक अणकुचीदार. पहिल्या खेपेत टाचण्या, दुसऱ्या खेपेतही टाचण्या. लांबीही सारखीच.

तिचा विरस झाला. म्हणजे स्पंज एकच. म्हणजे नीलमचंच काहीतरी चुकलं असणार. काचपट्टी काढून ठेवायची म्हणून तिनं ती सरकवली, आणि टाचण्यांच्या ढिगाऱ्यातून काहीतरी चमकून गेलं. तिनं मागे सरकवून ते पुन्हा शोधलं. जास्त ताकदीचं भिंग लावलं.

ती एक चांदणी होती. त्या टाचण्यांच्या डोक्याएवढी लहान, सगळीकडून अणकुच्या फुटलेली. शेजारी दुसरी. खाली तिसरी. एकदा दिसायला लागल्यावर त्या सगळीकडेच दिसायला लागल्या. मग प्रज्ञानं दुसऱ्या खेपेची काचपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. तिथं चांदणी नव्हती. नवा तुकडा विरघळवून पाहिला, त्याच खेपेच्या आणखी एका बाटलीतला पाहिला. नव्हती.

"नीलम!" ती एवढ्या जोरात ओरडली की जनरेटरवाला जिन्यात थांबला. "स्पंज बदललाय! दोन जाती आहेत!"

नीलमनं खाली वाकून एकदा पाहिलं, मग सरळ होऊन प्रज्ञाला मिठीच मारली.

हितेश सर तर नीलमहूनही खूश झाले. दोन जाती, हुबेहूब सारख्या, आणि औषध एकीतच! कदाचित नवी जात, जिचं अजून नावही नाही! त्यांनी त्याच दिवशी बंगलोरला आपल्या भागीदाराला फोन लावला. फक्त एक गोष्ट हवी होती, कुणीतरी जाणकारानं यावर मान डोलवायला हवी होती. "प्रज्ञा, दिल्लीत कोण आहे स्पंजांचं?"

दिल्लीत स्पंजांचं कोण असणार? प्रज्ञानं युनिव्हर्सिटीत विचारलं. कुणी माशांचं होतं, कुणी डासांचं. रात्री जेवताना ती हे घरी सांगत होती, तेव्हा वाल्मीकराव घास हातात धरून म्हणाले, "आमच्या सेक्शनमध्ये दीनानाथ नाबर आहे ना, त्याची आई. दक्षिणेत समुद्रकाठी सरकारी नोकरीत होती. आयुष्यभर असल्याच जनावरांचं काम केलं म्हणतो तो. आता त्याच्याचकडे असते, गाझियाबादला."

रविवारी बापलेक स्कूटरवरून निघाले. मागे प्रज्ञानं मांडीवर पिशवी धरली होती आणि पिशवीत दोन बाटल्या. यमुनेचा पूल ओलांडला, धूर आणि ट्रकांच्या रांगा ओलांडल्या, आणि गाझियाबादच्या एका नव्या सोसायटीत पोचले. लिफ्टच्या जागी अजून नुसता खड्डा होता. चार मजले चढून गेले.

कुसुमावती नाबर खिडकीजवळ उन्हात बसल्या होत्या. उंच, हाडकुळ्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं.

"नमस्कार मॅडम," प्रज्ञा म्हणाली.

"बाई म्हण. बस. बाटली उघड."

प्रज्ञानं आधी सगळी हकिगत सांगायचं ठरवून ठेवलं होतं, पण बाईंनी हात पुढे केलेला पाहून तिनं तुकडाच त्या हातावर ठेवला. बाईंनी तो अंगठ्यानं दाबला, सोडला, उलटा केला, हुंगला.

"घट्ट आहे. दाबला तर पुरता परत फुगत नाही. टाचण्यांचा आहे ना?"

"हो बाई! पण त्यात चांदण्यासुद्धा आहेत. आणि दुसऱ्या बाटलीतल्यात नाहीत. म्हणून या दोन वेगळ्या जाती आहेत." प्रज्ञा भराभरा बोलली. बुरशी, स्वच्छ गोल, हितेश सर, नवी जात, सगळं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "चांदण्या कुठं होत्या?"

"पहिल्या खेपेत."

"तसं नाही. स्पंजात कुठं? वर, खाली, मध्ये, भोकांच्या कडेला?"

प्रज्ञानं हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"सुया काढल्यास कशा?"

"ब्लीचमध्ये घालून."

"म्हणजे अख्खं घर पाडलंस आणि विटांचा ढीग मोजत बसलीस." आवाजात राग नव्हता, उलट गंमत होती. "विटा मोजायलाच हव्यात, त्याबद्दल नाही म्हणत. पण ढिगाऱ्यातली प्रत्येक वीट त्याच घराची, हे कशावरून? स्पंज चाळणीसारखा असतो. वाळू गिळतो, शेजारी मेला तर त्याच्या सुया गिळतो."

"पण चांदण्या पुष्कळ होत्या बाई. आणि दुसऱ्या खेपेत एकही नाही." प्रज्ञाचा आवाज चढला. वाल्मीकरावांनी तिच्याकडे पाहिलं.

"असेल ना. दोन जाती असतील. एक असेल. तीन असतील. मी कुठं काय म्हणतेय? तू अजून पाहिलेलं नाहीस, एवढंच म्हणतेय." त्यांनी आतल्या दिशेनं हाक मारली, "द्वारका, एक गाजर दे गं. जाडसं."

सून द्वारका हसत हसत लालभडक गाजर घेऊन आली. तिला असल्या मागण्यांची सवय असावी. बाईंनी गाजर उभं चिरलं, स्पंजाचा पातळ तुकडा दोन फाकांच्या मध्ये दाबून धरला आणि प्रज्ञाच्या हातात नवं ब्लेड दिलं. नुसता स्पंज कापला तर चुरा होतो, गाजराच्या आधारानं धरला की पातळ काप निघतो. काप वरून खालपर्यंत हवा, उभा, केकच्या तुकड्यासारखा, म्हणजे थर दिसतात. मग तो लवंगाच्या तेलात ठेवायचा. तेलानं मांस पारदर्शक होतं आणि सुया आपापल्या जागी उभ्या दिसतात.

"माझ्या डोळ्यांना आता ते दिसणार नाही," बाई म्हणाल्या. "तू बघ आणि मला येऊन सांग. जे असेल ते."

परतताना आश्रम चौकाच्या सिग्नलला वाल्मीकरावांनी मान वळवून विचारलं, "वाईट वाटलं?"

"नाही. म्हणजे वाटलं. पण बाबा, मला खरंच माहीत नाही त्या कुठं होत्या. मी बघितलंच नाही."

सोमवारी तिनं नीलमला सांगितलं. नीलमच्या हातातला चहा हातातच राहिला.

"प्रज्ञा, यार, सर बंगलोरला बोलून बसलेत. आणि तू म्हणतेस, कदाचित एकच जात असेल? मग पुन्हा माझ्यावरच येणार. तूने ही तो बचाया था मुझे. अब खुद ही डुबोएगी?"

"मी काहीच म्हणत नाहीये अजून. फक्त बघते."

"मत देख ना."

नीलम उठून गेली आणि त्या दिवशी डबा तिनं एकटीनं खाल्ला. प्रज्ञाही तिच्या मागे गेली नाही. न बघता राहणं आपल्याला जमणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं, आणि ते नीलमला कसं सांगायचं ते कळत नव्हतं.

तिनं गाजरं आणली, ब्लेडं आणली, औषधाच्या दुकानातून लवंगाचं तेल आणलं. पहिले काप जाडजूड निघाले, नुसता काळा ठोकळा दिसायचा. नंतरचे पातळ निघाले पण चुरा झाले. बोटं कापली. सगळ्या लॅबला दाताच्या दवाखान्याचा वास येऊ लागला. हितेश सर दारातून डोकावून विचारून गेले, "एक्स्पर्ट ने क्या कहा?" आणि "अजून बघताहेत" असं मोघम सांगून तिनं वेळ मारून नेली.

गुरुवारी दुपारी एक काप नीट निघाला. तेलात तो हळूहळू काचेसारखा झाला. प्रज्ञानं डोळा लावला.

हा विटांचा ढिगारा नव्हताच. खालच्या भागात टाचण्या इकडेतिकडे विखुरलेल्या होत्या, पण वर येता येता त्यांच्या जुड्या बांधल्या गेल्या होत्या, उभ्या, टोकं वर करून, झाडूच्या काड्यांसारख्या. जुड्यांच्या डोक्यावर एक गडद रेघ होती. आणि रेघेच्या वर, कागदाएवढा पातळ, वेगळाच एक थर. त्या थरात चांदण्या खांद्याला खांदा लावून खच्चून भरलेल्या. त्यांच्यामधून थोड्या टाचण्याही उभ्या होत्या, पण त्या खालच्या जुड्यांतल्या नव्हत्या. प्रत्येकीचं गोल डोकं त्या गडद रेघेवर टेकलेलं, जणू रेघ हीच त्यांची जमीन होती.

रेघेच्या खाली चांदणी नव्हती. कुठं एखादी भरकटलेली असेल तेवढीच.

तिनं दुसऱ्या खेपेचा काप पाहिला. झाडूसारख्या जुड्या तशाच, अगदी तशाच. वर रेघ नाही, थर नाही.

दोन जाती होत्या, हे तर खरंच निघालं. पण त्या दोन वेगवेगळ्या बाटल्यांमध्ये नव्हत्या. पहिल्याच बाटलीत होत्या, एकीवर एक. दोघींचा रंग सारखा, दोघींच्या टाचण्या सारख्या, आणि वरची इतकी पातळ की ती खालचीचीच कातडी वाटावी.

ती नीलमच्या टेबलापाशी गेली. "एकदा बघ. प्लीज."

नीलम आली, मुकाट्यानं वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली.

"ये तो मलाई है," ती शेवटी म्हणाली. "दूध के ऊपर."

"साय," प्रज्ञा म्हणाली. "हो. आणि तू दोन्ही वेळा बरोबरच केलंस. दुसऱ्या खेपेत सायच नव्हती."

नीलमनं डोळा काढला. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं. "थांब. मग औषध सायीत आहे की दुधात?"

हे प्रज्ञाच्या लक्षातच आलं नव्हतं. दोघी एकदमच बाटल्यांच्या कपाटाकडे वळल्या.

नीलमनं पहिल्या खेपेच्या उरलेल्या तुकड्यांवरून ब्लेडनं वरचा थर खरवडून काढला. प्रत्येक खरवडीतला कण प्रज्ञा सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायची, चांदण्या आहेत, घे, टाचण्याच आहेत, सोड. शुक्रवार गेला. अख्ख्या बाटलीतून नखभर साय जमली. तिचा अर्क वेगळा, खालच्या स्पंजाचा वेगळा. एकाच ताटलीत दोन थेंब, शेजारी शेजारी.

सोमवारी सायीच्या थेंबाभोवती गोल उमटला होता, आरशासारखा स्वच्छ. दुसऱ्या थेंबावरून बुरशी निवांत पसरली होती.

त्यांनी ती ताटली हितेश सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. प्रज्ञानं सगळं सांगितलं. आधी आपलं म्हणणं चुकीचं होतं, हे पहिल्यांदा सांगितलं. मोठा नारिंगी स्पंज दोन्ही खेपांत एकच आहे. नवी जात असलीच तर ती वर बसलेली, सायीसारखी. हितेश सर बराच वेळ ताटली हातात फिरवत होते.

मग ते नीलमकडे वळले. "त्या दिवशी मीटिंगमध्ये मी बोललो ते गलत था. सॉरी."

"जी सर," नीलम म्हणाली. बाहेर आल्यावर मात्र तिनं प्रज्ञाच्या दंडाला कडकडून चिमटा काढला. दुपारी डबे पुन्हा एका टेबलावर उघडले.

यानंतर कंपनीचं मोठं काहीतरी व्हावं, असं दोघींनाही वाटत होतं. तसं झालं नाही. औषध करून बघायचं तर साय किलोंनी लागली असती, आणि एका बाटलीत ती नखभर. बरं, पाण्याखाली कुठल्या स्पंजावर साय आहे आणि कुठल्यावर नाही, हे वरून दिसणारही नव्हतं. भागीदाराचा उत्साह मावळला. पावसाळ्यापर्यंत कंपनीनं परदेशातून येणारी तयार रसायनं तपासून द्यायचं काम धरलं. नीलमला हैदराबादला चांगली जागा मिळाली. हितेश सरांनी स्पंजांचं कपाट रिकामं करायला सांगितलं तेव्हा प्रज्ञानं विचारलं, "सर, मी नेऊ?" ते म्हणाले, "ले जाओ. कुणाच्या तरी कामाला येऊ देत."

तिनं युनिव्हर्सिटीत पीएच. डी.साठी नाव घातलं. मार्गदर्शक मिळाले ते डासांचेच, पण त्यांनी बाईंना परीक्षक नाही तरी सल्लागार म्हणून मान्य केलं. विषय काय घ्यायचा हे मात्र तिचं ठरत नव्हतं. ते ठरवलं वाल्मीकरावांनी, तेही नकळत.

एका शनिवारी ते तिला घ्यायला लॅबमध्ये आले होते. तिनं त्यांना तो काप दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एक डोळा मिटला, फाइल वाचावी तसं सावकाश पाहिलं, आणि म्हणाले, "हे वरचं खालच्याला पुरतं झाकून बसलंय."

"हो."

"आणि स्पंज तर अंगातल्या छिद्रांतून पाणी आत घेतो, तेच त्याचं खाणं-पिणं, असं तू सांगत होतीस. मग खालच्याची छिद्रं तर बंद झाली. तो जगतो कसा?"

प्रज्ञानं वही ओढून तो प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला.

गाझियाबादला जाऊन तिनं बाईंना विचारलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, बाईंनी नव्या चष्म्यातून तिच्याकडे रोखून पाहिलं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि एवढ्या आनंदानं म्हणाल्या की प्रज्ञाला हसू आलं. "या जोडीचं तरी कुणी बघितलेलं माझ्या वाचनात नाही. बाटलीत कळायचं नाही ते. जिवंत बघायला हवा. पाण्यात रंग सोड आणि तो कुठून आत जातो, कुठून बाहेर येतो ते बघ."

त्या हिवाळ्यात वाल्मीकरावांनी एल.टी.सी., म्हणजे सरकारी प्रवास-सवलत, घेतली. दरवेळी ते भंडारा आणि नागपूरची दीक्षाभूमी करून परत यायचे. या खेपेला तिघं मालवणला गेले.

ओहोटी सकाळची होती. पाणी मागे हटलं होतं आणि खडकांच्या बेचक्यांत डबकी उरली होती, नितळ, घोट्याएवढी. प्रभावती साडी खोचून एका उंच दगडावर बसली होती आणि पुढे पसरलेल्या पाण्याकडे, बोलणं विसरून, बघत होती. प्रज्ञा डबक्यामागून डबकं शोधत गेली. एका खडकाच्या पोटाशी तिला तो दिसला. आयुष्यात पहिल्यांदाच रंगासकट. पिकलेल्या संत्र्यासारखा, इतका भडक की बाटलीतला भिजलेला पाव हाच होता यावर विश्वास बसेना.

त्यावर साय होती की नाही, हे तिला दिसलं नाही. तिनं गुडघे टेकले, बोट फिरवलं. एका बाजूला गुळगुळीत लागलं, दुसऱ्या बाजूला किंचित खरखरीत, बारीक साखरेसारखं. तिनं खरखरीत बाजूचा कण ब्लेडच्या टोकानं काढून छोट्या नळीत टाकला. खोलीवर सूक्ष्मदर्शक होता, चांदण्या आहेत की नाहीत ते संध्याकाळी कळणार होतं. पण ओहोटी तोवर थांबणार नव्हती.

"बाबा, रंग."

वाल्मीकराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी मिठाईत घालतात त्या हिरव्या रंगाची बाटली पुढे केली. प्रज्ञानं ड्रॉपरमध्ये थोडा घेतला, पाण्यात हात बुडवला आणि खरखरीत भागाच्या अगदी जवळ एक थेंब सोडला.

हिरवा ढग तिथंच तरंगत राहिला. काहीच होईना. मग ढगाची खालची कड स्पंजाकडे वाकली, जणू कुणी हलकेच ओढून घेतंय. ढग पातळ होत गेला, पातळ होत गेला, आणि नाहीसा झाला.

त्यानंतर, बोटभर अंतरावर, गुळगुळीत बाजूला जे मोठं भोक होतं, त्यातून दोऱ्याएवढी हिरवी रेघ बाहेर आली आणि पाण्यात वर चढू लागली.

"आला!" वाल्मीकराव ओरडले. दगडावरून प्रभावतीनं दचकून विचारलं, "काय आलं?"

"वरच्याच्या अंगातून आत गेला आणि खालच्याच्या भोकातून आला!" ते एवढ्या मोठ्यानं सांगत होते की जाळं विणणारी दोन माणसं वळून बघायला लागली. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. "म्हणजे वरच्यानं खालच्यासाठी वाट ठेवलीय?"

"किंवा खालच्यानं भोसकून काढलीय," प्रज्ञा म्हणाली. "किंवा माझा थेंबच कडेनं घसरून गुळगुळीत भागातून आत गेला असेल. एकदा बघून नाही सांगता येणार, बाबा."

तिनं ड्रॉपर पुन्हा रंगात बुडवला. या वेळी थेंब कडेपासून आणखी लांब सोडायचा होता, म्हणून ती पाण्यात पालथीच झुकली. बाही कोपरापर्यंत भिजली.

"आई, तू पण ये ना खाली," ती मान न वळवता म्हणाली. "तू फक्त भोकाकडे बघ, मी इकडे बघते."

प्रभावती चपला हातात घेऊन, दगड चाचपत, पाण्यात उतरली.